नोड म्हणजे गांठ

श्रोतेहो, आज ज्या शब्दाची हकीकत मी आपणांपुढें मांडणार आहें तो शब्द मूळचा मराठी नाहीं. परंतु आमच्या मुलुंडच्या पूर्वेस खाडीवरचा पूल ओलांडला कीं तो मराठी माणसांच्या तोंडीं सहज ऐकूं येतो. तो शब्द म्हणजे 'नोड'. ऐरोली नोड, वाशी नोड, खारघर नोड. वर्तमानपत्रांत तो वारंवार छापला जातो. कोणत्या नोडमध्यें उद्यां पाणी येणार नाहीं हें लोक काळजीनें वाचतात. आणि नोड म्हणजे काय, असें मात्र कोणी विचारीत नाहीं. मींही विचारलें नव्हतें. तें विचारण्याची वेळ माझ्या थोरल्या बहिणीच्या मानेमुळें आली.

आमची अक्का बहात्तर वर्षांची आहे. ती घाटकोपरला थोरल्या मुलाकडे असते आणि तिचा धाकटा मुलगा खारघरला राहतो, म्हणून 'नोड' हा शब्द तिच्या चांगलाच परिचयाचा. दोन वर्षांपूर्वीं तिला कानाखालीं मानेवर कांहींसें सुजल्यासारखें हाताला लागलें. ती जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनीं चांचपून पाहिलें, "नोड आहे, तपासून घ्या," एवढेंच ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. बाहेर रोग्यांची रांग होती. त्यांनाही घाई होती. दुसऱ्या दिवशीं मी भेटावयास गेलों तेव्हां अक्का हंसत म्हणाली, "अरे, माझ्या मानेंत नोड निघालाय म्हणे. आतां सिडको तिथें घरें बांधील!" आम्ही दोघेंही हंसलों. चिठ्ठी देवघराच्या खणांत गेली, आणि चार महिने ती तेथेंच राहिली. त्या चिठ्ठीचें पुढें काय झालें तें मी शेवटीं सांगेन. आधीं शब्दाकडे वळूं.

मी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों. लॅटिन भाषा मला येत नाहीं. परंतु आयुष्यभर मुलांकडून शब्दार्थ लिहवून घेतल्यामुळें कोश चाळण्याची खोड मला जडली आहे. त्या खोडीनें जें हातीं लागलें तें असें. प्राचीन रोमन लोक दोरीच्या गांठीला 'नोदुस्' म्हणत. रोमचें साम्राज्य गेलें, पण त्याच्या भाषेचीं मुलेंबाळें निरनिराळ्या देशांत नांदूं लागलीं. इटलींत नोदुस्‌चा 'नोदो' झाला, स्पेनांत 'नुदो', पोर्तुगालांत झिजतां झिजतां नुसता 'नॉ'. फ्रेंचांनीं तर त्याचा उच्चार इतका संक्षिप्त केला आहे कीं, लिहितांना पांच अक्षरें आणि बोलतांना एक व्यंजन व एक स्वर. इंग्रजांजवळ दोरीच्या गांठीला स्वतःचा घरगुती शब्द होताच, 'नॉट'. तो लॅटिनमधून आलेला नाहीं, जर्मन कुळांतला आहे. 'नोड' हा त्यांच्या पंडितांनीं लॅटिन ग्रंथांतून उचलला आणि शास्त्रांसाठीं राखून ठेवला. दोरीला नॉट, शास्त्राला नोड अशी त्यांनीं वांटणी केली. नोड लहान असला तर त्याला 'नोड्यूल' म्हणावयाचें, म्हणजे गांठुळी.

रोमन लोकांच्या जीवनांत या नोदुस्‌चें स्थान मोठें होतें. रोमन नववधूच्या कमरेला लोकरीचा पट्टा असे आणि त्याला हर्क्युलीज या वीराच्या नांवाची गांठ मारलेली असे. ती वरानें सोडावयाची. स्काउटच्या वर्गांत मुलांना आरंभीं शिकवितात ती 'रीफ नॉट' हीच होय. जखमेची पट्टी या गांठीनें बांधली तर जखम लौकर भरते, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत लिहून ठेवलें आहे. आपल्या विवाहांत वराच्या उपरण्याची व वधूच्या शेल्याची गांठ बांधतात. त्यांच्याकडे सोडणें महत्त्वाचें, आपल्याकडे बांधणें, असें कोणी म्हणेल; पण लग्नानंतर एकमेकांचीं कांकणें सोडण्याचा विधि आपल्याकडेही आहेच, तेव्हां तें विधान फार ताणूं नये.

अलेक्झांडर बादशहाची गोष्ट मराठी क्रमिक पुस्तकांतूनही येऊन गेली आहे. इसवी सनापूर्वीं ३३३ सालीं गॉर्डियम या नगरांत एका रथाच्या जुवाची गांठ कोणाच्यानें सुटत नव्हती. ती त्यानें तरवारीनें कापली म्हणतात. अवघड प्रश्नालाही युरोपांत गांठच म्हणतात. नाटकाच्या कथानकाची उकल होते तिला फ्रेंच लोक 'देनूमां' म्हणतात. त्याचा अक्षरशः अर्थ गांठ सोडविणें. गळफासाला इंग्रजींत 'नूस' म्हणतात, तोही शब्द बहुधा याच नोदुस्‌चा वंशज आहे.

ज्योतिषांतला अर्थ मला सर्वांत मनोरम वाटला. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशीं सुमारें पांच अंशांनीं कललेला आहे. हे दोन मार्ग जेथें एकमेकांस छेदतात त्या दोन बिंदूंना युरोपांत नोड म्हणतात, म्हणजे आकाशांतल्या दोन दोऱ्यांच्या जणूं दोन गांठी. सूर्य-चंद्र या गांठींजवळ आले तरच ग्रहण लागतें. आपले ज्योतिषी या बिंदूंना पात म्हणतात, आणि घरांतली आजी त्यांनाच राहु आणि केतु म्हणते. मध्ययुगांतल्या युरोपियन ज्योतिष्यांनींही या दोन बिंदूंस नागाचें डोकें आणि नागाचें शेपूट अशीं नांवें दिलीं होतीं. तेव्हां आपला राहु आणि त्यांचा नोड एकाच ठिकाणीं बसलेले आहेत.

आतां आपल्या घरांतला शब्द पाहूं. संस्कृतांत ग्रथ् म्हणजे गुंफणें, बांधणें. त्यापासून ग्रंथि, प्राकृतांत गंठि आणि मराठींत गांठ. ताडपत्रें एकत्र ओंवून दोरीनें बांधीत, म्हणून ग्रंथ हाही याच घरचा. गांठ घरकामाची आणि ग्रंथि शास्त्राची. इंग्रजांच्या नॉट आणि नोड यांच्यासारखीच ही जोडी आहे. 'सन्नद्ध' या शब्दांतल्या 'नद्ध'चें नोदुस्‌शीं रक्ताचें नातें जोडण्याचा मोह पूर्वींच्या पंडितांना झाला होता. त्या वादांत मी शिरत नाहीं. मला कौतुक आहे तें मराठीनें या एका गांठीकडून जीं कामें करून घेतलीं त्यांचें. सहज सुटते ती सुरगांठ, सुटत नाहीं ती निरगांठ, मनाशीं बांधतों ती खूणगांठ, यज्ञोपवीताची ब्रह्मगांठ, पाडव्याला मुलांच्या गळ्यांत घालतात त्या साखरेच्या गांठी. कनवटीला पैसा असला तर तो गांठीला असतो. दोन माणसें भेटलीं तर त्यांची गांठ पडते. आणि आम्हां उपनगरवासीयांचें तर सारें आयुष्य आठ बाविसाची गाडी गांठण्यांत जातें! भेट आणि गांठ यांची सांगड घालावी हें युरोपांतल्या गांठीला सुचलें नाहीं, असें मला वाटतें.

श्रोतेहो, या लॅटिन गांठीनें आपल्या दारावर प्रथम थाप मारली ती पोर्तुगीजांच्या काळीं. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतला मुलूख पोर्तुगीजांस देऊन टाकला. त्यांत साष्टी बेट गेलें. म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या साऱ्या उपनगरांची भूमि गेली. १७३७ त मराठे साष्टींत उतरले आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. मधलीं दोनशें वर्षें पोर्तुगीज भाषा येथें राज्य करीत होती. तिनें आपल्याला पाव दिला, चावी दिली, पगार, लिलाव, घमेलें, कोबी, बटाटा दिला. तुरुंग हा शब्दही तिचाच. एवढेंच नव्हे, तर फीत हा शब्दही तिच्याकडूनच आला. परंतु फितीला जी गांठ मारावयाची तिचा 'नॉ' मात्र आला नाहीं!

यांत नवल नाहीं. शब्द बहुधा वस्तूचा हात धरून येतो. बटाटा येथें नव्हता, म्हणून तो आपलें नांव घेऊन आला. गांठ येथें होतीच. वेसावें, मढ, गोराई येथल्या कोळ्यांचें जाळें म्हणजे दुसरें काय? सूत थोडें आणि गांठीच फार. ज्यानें जन्मभर गांठी मारल्या त्याला परक्या खलाशाकडून गांठीचें नांव शिकण्याची गरज नव्हती. पोर्तुगीज लोक गलबताचा वेगही 'नॉ'मध्येंच मोजतात. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारून, टोकाला लाकडी फळी बांधून ती समुद्रांत टाकीत. वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत, म्हणजे सुमारें अठ्ठावीस सेकंदांत, हातांतून जितक्या गांठी निसटल्या तितका वेग. आज ती दोरी उरली नाहीं, पण ताशीं १,८५२ मीटर वेगाला जगभरचे नाविक अजून एक गांठच म्हणतात.

यानंतरचा भाग अधिक दुःखाचा आहे आणि अक्काच्या मानेचा संबंध याच भागाशीं येतो.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या बंदराजवळ मांडवी भागांत लोक तापानें पटापट मरूं लागले. काखेंत, जांघेंत किंवा मानेंत गांठ येई, ग्लानि येई आणि रोगी थोड्याच दिवसांत जाई. हा प्लेग आहे असें निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं केलें. हे गृहस्थ गोव्यांत जन्मलेले. वैद्यांनीं या रोगास ग्रंथिक सन्निपात असें भारदस्त नांव दिलें, पण लोकांच्या तोंडीं तो गांठीचा तापच होता. शरीरांत रोगजंतूंना अडविणाऱ्या ज्या बारीक ग्रंथि असतात, ज्यांना डॉक्टर आज 'लिम्फ नोड' म्हणतात, त्याच सुजून या गांठी होत. माणसांनीं मुंबई सोडून बाहेरची वाट धरली. १८९७ च्या जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगाची लस आधीं स्वतःलाच टोंचून घेतली. फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीच्या प्रवाशांना उतरवून त्यांची तपासणी होऊं लागली. काखेंत आणि जांघेंत परक्या माणसाचा हात गांठ शोधीत फिरे, आणि ती सांपडली तर माणूस घरच्यांपासून तोडला जाई. पुण्यास त्याच वर्षाच्या मार्चमध्यें सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां या रोगानें गेल्या, आणि जूनमध्यें रँडचा खून झाला. लोकांच्या मनांत रोगाइतकाच तपासणीचा संताप होता, हें त्या खुनानें दाखविलें.

माझ्या आजीचा जन्म त्या सुमाराचा. प्लेग तिनें मोठीं माणसें बोलत त्यावरूनच ऐकलेला. परंतु तिच्यापुढें 'अमक्याला गांठ आली' असें कोणी म्हटलें कीं ती हातांतलें काम टाकून देवाला हात जोडी. पुढें प्लेग ओसरला आणि गांठीचें भय कर्करोगानें चालवावयास घेतलें. आज कोणाच्या अंगावर गांठ निघाली असें ऐकलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत दुसरा विचार येत नाहीं. म्हणून डॉक्टर लोक मराठी रोग्यापुढें हा शब्द उच्चारण्यास कचरतात, आणि त्याच्या जागीं नोड किंवा नोड्यूल म्हणतात. त्यांत मी त्यांना सर्वस्वीं दोष देत नाहीं. ज्या शब्दावर सव्वाशें वर्षांचें भय साठलें आहे तो घाबरट माणसाच्या कानांत घालावयाचा कसा, ही त्यांची अडचण खरी आहे. ग्रंथि म्हणावें तर तो शब्द आपण अंगांतल्या दुसऱ्याच अवयवांनाही देऊन बसलों आहों, ज्यांना इंग्रजींत 'ग्लँड' म्हणतात. तो ग्लँडही लॅटिनच, पण त्याचा अर्थ ओकवृक्षाचें फळ. गांठीशीं त्याचा संबंध नाहीं.

याच सुमारास, म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत, तोच शब्द खाडीपलीकडून दुसऱ्या वेषांत आला. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठीं पलीकडच्या तीरावर नवें शहर वसवावें ही कल्पना १९६५ त चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं मांडली. १९७० च्या मार्चमध्यें सिडको स्थापन झाली. एकाच मोठ्या शहराऐवजीं लोहमार्गावर आणि रस्त्यांवर ओंवलेलीं चौदा लहान नगरें करावयाचीं, असा आराखडा होता. बांबूच्या कांडाला जशीं पेरें असतात तशीं. या प्रत्येक पेराला आराखड्यांत नोड म्हटलें, आणि नकाशावरचा तो शब्द तसाच लोकांच्या जिभेवर उतरला. पोर्तुगीजांच्या दोनशें वर्षांत जो शब्द साष्टींत शिरला नाहीं, तो पलीकडे एका पिढींत शिरला. कारण यावेळीं त्याच्याबरोबर नवी वस्तु आली होती. आंखलेलें शहर तेथें नव्हतें.

पण तेथें गांवें मात्र होतीं. ठाणें आणि रायगड जिल्ह्यांतल्या सुमारें ९५ गांवांची भातशेती आणि मिठागरें या शहराखालीं गेलीं. मोबदल्याच्या लढ्यांत १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच आंदोलक मृत्युमुखीं पडले. आजही ऐरोली नोडमध्यें ऐरोली गांव आहे आणि घणसोली नोडमध्यें घणसोली गांव आहे. तेथला मूळचा आगरी माणूस स्वतःला गांवचा म्हणवितो. नोडचा म्हणवितो तो बाहेरून आलेला. अर्थ ठाऊक नसतांनाही शब्दांची ही वांटणी लोकांनीं अचूक केली आहे.

सरकारी कागदांतही हा शब्द आतां मुरला आहे. निवडणुकीच्या कामावर असतांना 'नोडल अधिकारी' हा हुद्दा मीं पहिल्यानें वाचला, तेव्हां शेजारच्या एका तरुण शिक्षकाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "सर, सगळे फोन ज्याला येतात तो." व्याख्या वाईट नव्हती! सगळे दोरे ज्याच्यापाशीं येऊन मिळतात तो गांठाधिकारी. समन्वय अधिकारी हा चांगला शब्द असतां त्याला हा लॅटिन फेटा कशासाठीं बांधला, हें मात्र मला उमगलें नाहीं.

आतां अक्काची चिठ्ठी. दिवाळीला तिचा धाकटा मुलगा खारघरहून आला. निरांजनाच्या वाती शोधतांना खणांत त्याच्या हातीं ती चिठ्ठी लागली. ती वाचून त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आई, मानेंत गांठ आहे आणि चार महिने तूं बोलली नाहींस?"

अक्का म्हणाली, "गांठ कुठें? ते नोड म्हणाले होते."

मी तेथेंच बसलों होतों. चार महिन्यांपूर्वीं तिच्या थट्टेला मींही हंसलों होतों, आणि कोशांत हात घालण्याची खोड असलेल्या मला त्या वेळीं कोश उघडण्याची बुद्धि झाली नव्हती. तो मी त्या रात्रीं उघडला.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिला नेलें. त्यांनीं तिला समोर बसवून सांगितलें, "आजी, मानेंत गांठ आहे. बहुतेक गांठी साध्या असतात. ही कसली आहे तें सुईनें थोडा नमुना काढून पाहूं." गांठ हा शब्द ऐकतांच अक्काचे हात थरथरले हें मीं पाहिलें, पण दुसऱ्याच दिवशीं सकाळीं ती माझ्याआधीं तयार होऊन दारांत उभी होती. नमुन्यांत क्षयाचे जंतु निघाले. जिला जुनीं माणसें गंडमाळ म्हणत तीच ही. गंडमाळेचा रोगी पूर्वीं वर्षानुवर्षें झिजत असे. आतां सहा महिन्यांच्या औषधानें तो बहुधा बरा होतो आणि तें औषध सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळतें. चार महिने आधीं सुरुवात झाली असती तर तिचें वजन इतकें उतरलें नसतें, असें डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोष त्यांनीं कोणाला दिला नाहीं.

औषधाचे सहा महिने अक्कानें नेमानें काढले. एकही गोळी चुकूं द्यावयाची नाहीं असें बाईंनीं बजावलें होतें, आणि मोबाइलच्या घंटेवर तिचा विश्वास नाहीं. सकाळीं गोळी घेतली कीं ती पदराला एक गांठ मारी आणि रात्रीं निजतांना ती सोडी.